रॅमडिस्कला वाचा फुटेपर्यंत

लिनक्स आपोआप बसवताना यंत्र अडकलं, की पडद्यावरची शेवटची ओळ बहुतेक वेळा चकवते. रूट फाइल सिस्टम माउंट होत नाही, असं ती सांगते आणि नवखा माणूस हार्ड डिस्कच्या मागे लागतो. डिस्क ठणठणीत असते. घोटाळा असतो त्याआधी मेमरीत उतरलेल्या छोट्या फाइल सिस्टममध्ये, म्हणजे बूट रॅमडिस्कमध्ये. ही सोय आता तीस वर्षांची होत आली. एवढ्या काळात तिच्यातले बिघाड कमी झाले असं मला वाटत नाही. बदललं ते एवढंच, की बिघडल्यावर ती काही सांगू लागली.

१९९६ मध्ये वर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मन यांनी ही सोय इनिटआरडी या नावाने आणली. तोवर ड्रायव्हर थेट कर्नलमध्येच भरलेले असत आणि सगळं १.४४ एमबीच्या फ्लॉपीत कोंबावं लागे. स्लॅकवेअर बसवायचं तर आपल्या स्कझी कार्डाला चालेल अशी बूट फ्लॉपी आधी शोधायची. इनिटआरडीने ड्रायव्हर बाहेर काढून रॅमडिस्कमध्ये ठेवले आणि ती यातायात कमी केली. पण या रॅमडिस्कचा आकार आधीच ठरलेला असे, सहसा ४०९६ केबी. इमेज त्याहून मोठी झाली की कर्नल पॅनिक. कर्नल कारण सांगत नसे असं नाही. ‘इमेज टू बिग’ ही ओळ वर कुठेतरी सरकून गेलेली असे आणि हाती उरे तो पॅनिक. उपाय म्हणून बूटच्या ओळीत रॅमडिस्कचा आकार वाढवून द्यायचा. तो पॅरामीटर गरज संपल्यावरही कित्येक जुन्या कॉन्फिग फायलींत तसाच राहिला. काढायची हिंमत कोणी करत नाही.

१९९९ मध्ये इंटेलच्या पीएक्सईची २.१ आवृत्ती आली आणि नेटवर्कवरून बूट करणं सर्रास झालं. उत्तरांची फाइल आधीच लिहून ठेवायची पद्धतही रुळली: रेड हॅटचं किकस्टार्ट, सुसेचं ऑटोयास्ट, डेबियनचं प्रीसीड. याची गरज किती होती हे पुण्याच्या ‘एका’कडे पाहिलं की कळतं. टाटांच्या सीआरएलचा हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या टॉप ५०० यादीत जगात चौथा होता. त्याचे १४,२४० कोअर सुमारे १८०० सर्व्हरांत विभागलेले. इतक्या यंत्रांपुढे सीडी घेऊन कोण बसणार? पण अशा ठिकाणी रॅमडिस्कमध्ये एक ड्रायव्हर राहून गेला, तर तो एकाच वेळी सगळीकडे राहून जातो.

नेटवर्कने आपली दुखणीही आणली. रॅमडिस्क टीएफटीपीने येते. या प्रोटोकॉलमध्ये मुळात ५१२ बाइटचे तुकडे आणि त्यांना १६ बिटांचा क्रमांक; म्हणजे ३२ एमबीला गाडी थांबते. तुकड्याचा आकार वाढवायची सोय १९९५ मध्येच झाली होती, पण दोन्ही टोकांना ती यायला हवी. फाइल अर्धवट आली तरी दोष कर्नलवर जाई.

मधल्या काळात रचनाच बदलली. डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलबरोबर इनिटरामएफएस आलं. अल व्हिरो आणि एच. पीटर अ‍ॅन्विन यांच्या कामातून ते उभं राहिलं. यातल्या अ‍ॅन्विन यांनीच नेटवर्क बूटचा पीएक्सलिनक्सही लिहिला. आता आकार ठरलेली डिस्क नव्हती. सीपीआयओ संग्रह मेमरीत उलगडायचा, संपलं. त्यातही मला सर्वांत आवडलेला नियम असा, की एकामागे एक असे अनेक संग्रह जोडले तरी कर्नल सगळे उलगडतो. फेब्रुवारी २०११ मध्ये डेबियन ६ ने मुक्त नसलेलं फर्मवेअर इन्स्टॉलरमधून काढलं आणि ब्रॉडकॉमची नेटवर्क कार्डं असलेले सर्व्हर बसवताना मधेच मुके होऊ लागले. तेव्हा फर्मवेअरचा संग्रह मूळ इमेजच्या शेपटीला जोडणं हा सर्वांत सरळ इलाज ठरला. जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ते फर्मवेअर पुन्हा इन्स्टॉलरमध्ये आलं. हे आधीच व्हायला हवं होतं.

याच नियमाने पुढे लोकांना गंडवलंही. २०१३ पासून प्रोसेसरचा मायक्रोकोड इमेजच्या सुरुवातीला, वेगळ्या संग्रहात ठेवता येऊ लागला. जुन्या सवयीने इमेज उघडली की त्यातून दोन-चार फायली निघतात आणि माणूस समजतो, इमेज रिकामीच आहे. खरा माल पुढच्या संग्रहात असतो.

नोव्हेंबर २००९ च्या फेडोरा १२ मध्ये ड्रॅकट हे रॅमडिस्कची इमेज तयार करणारं साधन आलं. माझ्या मते मोठा टप्पा हाच. आधी पॅनिक झाला की रीस्टार्ट करण्यापलीकडे हाती काही नसे. डेबियनकडच्या इमेजा बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट देत, तोही मोठाच आधार. ड्रॅकटने हवं त्या पायरीवर थांबायची सोय दिली, प्रत्येक पायरीची नोंद दाखवली आणि अडल्यावर सगळा पंचनामा एका अहवालात लिहून ठेवला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये, २०१४ साली, इन्स्टॉलरची सुरुवातही ड्रॅकटवरच झाली. तरी शेवटच्या ओळीची खोड गेली नाही. एक जीबी मेमरीच्या व्हर्च्युअल मशीनवर नेटवर्कवरून बसवायला जावं, तर कर्ल हा प्रोग्रॅम ‘फेल्ड रायटिंग बॉडी’ म्हणून थांबे. लोक वेब सर्व्हर तपासत. खरं तर इन्स्टॉलरची दुसरी इमेज मेमरीत मावलेली नसे. प्रॉम्प्टवर जाऊन मोकळी जागा पाहिली, की दोन मिनिटांत उलगडा.

लहान गावात अडचण वेगळीच असते. मध्य प्रदेशात जबलपूरहून डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम आहे. अशा तहसिलीच्या गावातल्या शाळेत पाच-दहा संगणक बसवायचे, तर बाहेरच्या मिररच्या, म्हणजे पॅकेजांची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरच्या, भरवशावर राहून कसं चालेल? मिरर खोलीतल्याच एका यंत्रावर ठेवावा लागतो. तिथे डेबियनचा एक जुना सापळा हमखास भेटतो: मिरर ताजा केला, पण टीएफटीपीच्या फोल्डरमधली इमेज जुनीच राहिली. मग इन्स्टॉलरला आपल्या कर्नलची मॉड्यूल मिळत नाहीत. इथे मात्र तो स्पष्ट सांगतो, की त्याचा कर्नल आणि मिररवरचा कर्नल यांत मेळ नाही. दूरच्या जाणकाराला फोनवर पडद्याचा फोटो पाठवला तरी निदान होतं. १९९६ च्या पॅनिकचा फोटो पाहून कोणी काय सांगितलं असतं?

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चं आयुष्य संपलं आणि नेहमीचे मिररचे पत्ते बंद पडून सगळं अभिलेखाच्या सर्व्हरवर गेलं. वर्षानुवर्षं निमूट चाललेल्या किकस्टार्ट फायली अचानक थांबल्या. ड्रायव्हर चढतात, नेटवर्क उभं राहतं, रॅमडिस्क आपलं काम चोख करते आणि गाडी अडते ती किकस्टार्ट फाइलमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर. तरीही पुष्कळांनी आधी रॅमडिस्कचीच झडती घेतली.