गच्ची कोणाची?

अलिबाग, रोहा, मुरुड, श्रीवर्धन येथील पेठांमध्ये व्यापारी कुटुंबांची जुनी रीत म्हणजे खाली दुकान आणि वर घर. आता त्या घरांच्या जागी अनेक ठिकाणी चार-चार मजली इमारती उभ्या आहेत. दुकानाचा मालक निराळा, वर राहणारा निराळा. गच्ची गळू लागली की वर्गणीवरून कुरबुर सुरू होते. ‘माझ्या डोक्यावर तीन मजले आहेत, मला कसला पाऊस लागतो?’ असे गाळेधारक म्हणतो, आणि वरवर पाहता त्याचे चुकत नाही.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी मात्र हा वाद केव्हाच मिटवला आहे. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून वरच्या सदनिकेच्या छताचा गिलावा पडला, तर त्याची दुरुस्तीही संस्थेच्याच खर्चाने व्हावयाची. सदनिकेच्या आतील न्हाणीघराची गळती तेवढी ज्याची त्याची. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, तोही गाळेधारकासह सर्वांनी भरावयाचा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा.

किनाऱ्यावर तर हयगय परवडतच नाही. खाऱ्या हवेने सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून झिरपलेले पाणी भिंतींतून उतरत दुकानाच्या तुळईपर्यंत येते. २०२० साली ३ जूनच्या ‘निसर्ग’ वादळाने गच्च्यांवरील पत्रे उडवले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला महाडची ‘तारीक गार्डन’ कोसळून १६ जण दगावले. ती इमारत फारशी जुनी नव्हती.

सभेत बहुमताने ठराव होतो, परंतु ठराव होणे निराळे आणि रक्कम जमा होणे निराळे. निबंधकाकडून वसुली करता येते. पण ज्याच्याशी रोज जिन्यात गाठ पडते त्याच्यावर जप्ती आणण्याची हौस कोणाला असणार? म्हणून वार्षिक सभेच्या १४ दिवसांच्या सूचनेसोबतच अभियंत्याचा अहवाल, दोन-तीन दरपत्रके आणि प्रत्येकाचा हिस्सा रुपयांत लिहून धाडावा. मुंबई-पुण्यास राहणाऱ्या सदस्यांनाही. नकार देणाऱ्या गाळेधारकास आधी गच्चीवर न्यावे, मग दरपत्रके उघडण्याच्या समितीत घ्यावे. घासाघिशीत त्याच्याइतका मुरलेला दुसरा कोण सापडणार?

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. तारीख पर्युषणात येऊ देऊ नये. काम दिवाळीनंतर काढावे आणि मेपूर्वी संपवावे. कंत्राटदाराची शेवटची दहा टक्के रक्कम पुढचा पावसाळा कोरडा गेल्यावरच द्यावी, आणि ही अट करारात गाळेधारकाच्या देखत लिहून घ्यावी.