गाळाच्या खडकांतील अदृश्य सुवर्ण : नेवाडातील कार्लिन निक्षेप

सोन्याच्या खाणीविषयीची सर्वसामान्य कल्पना दोन प्रकारच्या निक्षेपांवरून बनलेली आहे. नदीच्या वाळूत सापडणारे सोन्याचे कण हा पहिला प्रकार, आणि कठीण खडकांतील गारेच्या शिरांतून मिळणारे सोने हा दुसरा. कर्नाटकातील कोलार येथील खाणी, ज्या २००१ मध्ये बंद झाल्या, त्या दुसऱ्या प्रकारच्या होत्या. या दोन्ही प्रकारांत सोने निदान काही अंशी डोळ्यांना दिसते. दळलेला खडक किंवा वाळू तबकात घेऊन पाण्याने धुतली असता जड कण तळाशी राहतात व सोन्याची खूण पटते. जगभरच्या शोधकांनी शतकानुशतके याच खुणेवर विश्वास ठेवला. परंतु ज्या खडकात सोने भरपूर आहे, आणि तरीही ते डोळ्यांना दिसत नाही, भिंगाखाली दिसत नाही व तबकातही उतरत नाही, असा तिसरा प्रकार पृथ्वीवर आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी नेवाडा राज्यातील कार्लिन हा त्याचा नमुनेदार निक्षेप होय. त्याच्यावरूनच या वर्गास ‘कार्लिन-प्रकारचे निक्षेप’ हे नाव मिळाले आहे.

शोधाचा इतिहास

कार्लिन गावाच्या वायव्येस असलेल्या लिन परिसरात १९०७ पासून ओढ्यांच्या वाळूतून थोडेफार सोने काढले जात होते. त्याच टेकड्यांत शेजारी पसरलेल्या करड्या चुनखडकाकडे मात्र कोणी लक्ष दिले नाही, कारण त्यात लक्ष देण्याजोगे काही दिसतच नव्हते. नेवाडातील काही लहान खाणींत तबकात न उतरणारे सोने असल्याची नोंद १९३९ च्या एका सरकारी अहवालात आलेली होती. अशा ठिकाणी धातुक कोठे संपते व निरुपयोगी खडक कोठे सुरू होतो, हे केवळ रासायनिक परीक्षेनेच ठरवावे लागे.

या नोंदीस अर्थ प्राप्त झाला तो भूवैज्ञानिक रचनेच्या अभ्यासामुळे. संयुक्त संस्थानांच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील राल्फ रॉबर्ट्स यांनी १९६० मध्ये असे दाखविले की, उत्तर-मध्य नेवाडातील अनेक खाणक्षेत्रे ठराविक रेषांवर वसलेली आहेत, आणि त्या रेषांचा संबंध एका मोठ्या प्रणोद-विभंगाशी आहे. १९६१ मध्ये न्यूमाँट कंपनीचे भूवैज्ञानिक जॉन लिव्हरमोर व ॲलन कूप यांनी या विचाराच्या आधारे लिन परिसरात खडकांचे नमुने गोळा केले. परीक्षेत सोने निघाले. पुढे वेधन करून साठ्याचा विस्तार निश्चित झाला आणि १९६५ मध्ये उत्पादन सुरू झाले. प्रारंभीचा साठा सुमारे १ कोटी १० लाख टनांचा असून त्यात टनास सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने जवळजवळ एक तोळा, सोने होते.

हे प्रमाण किती अल्प आहे याची कल्पना एका साध्या हिशेबाने येते. एक टन चुनखडकाचे आकारमान सुमारे ०.४ घनमीटर भरते. त्यातील तोळाभर सोने एकत्र केले तर त्याच्या घनाची बाजू एक सेंटिमीटरही भरणार नाही. एवढे सोने त्या सबंध खडकात अतिसूक्ष्म रूपाने विखुरलेले असते. ते दिसत नाही यात म्हणून नवल नाही. ते एकत्र कसे आले, हाच खरा प्रश्न आहे.

खडकांची रचना

सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी, सिलुरियन व डेव्होनियन कालखंडांत, आजच्या नेवाडाच्या पूर्व भागात उथळ समुद्र होता व त्यात चुनखडक आणि डोलोमाइट यांचे थर साचत होते. पश्चिमेकडील खोल समुद्रात त्याच सुमारास व त्याआधी चर्ट, शेल यांसारखे सिलिकामय खडक तयार होत होते. पुढे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या अँटलर गिरिजननात हे पश्चिमेकडील खडक पूर्वेकडे रेटले जाऊन चुनखडकांच्या थरांवर चढले. ज्या पृष्ठावरून ते सरकले त्यास रॉबर्ट्स माउंटन्स प्रणोद-विभंग म्हणतात.

कालांतराने भूभाग उचलला गेला, वरचे आच्छादन जागोजागी झिजले आणि खालचे चुनखडक जणू खिडकीतून दिसावेत तसे उघडे पडले. अशा उघड्या भागांस भूविज्ञानात ‘गवाक्ष’ म्हणतात. लिन गवाक्ष हे त्यांपैकीच एक. कार्लिनचे सोने मुख्यतः याच खालच्या खडकांत, रॉबर्ट्स माउंटन्स शैलसमूहात व त्यावरील पोपोविच शैलसमूहात, आढळते. हे खडक पातळ पापुद्र्यांचे, गाळवटीचे कण असलेले, काहीसे डोलोमाइटयुक्त व कार्बनी द्रव्यामुळे काळपट आहेत. वर चढलेले सिलिकामय खडक द्रवांस सहजी वाट देत नाहीत. त्यामुळे खालून उभ्या विभंगांतून चढणारे उष्ण पाणी या झाकणाखाली अडले व सच्छिद्र चुनखडकांत आडवे पसरले. गवाक्षांच्या आसपास निक्षेप का आढळतात, याचे हे कारण होय.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सोने गाळाच्या खडकात सापडते म्हणून ते गाळाबरोबर साचले, असे नव्हे. खडकांचे वय सुमारे ४० कोटी वर्षे आहे. सोन्याचे वय त्याच्या जेमतेम एक-दशांश भरते. नेवाडातील गेचेल येथील निक्षेपात गाल्खाइट हे पारा, थॅलियम व सीझियम असलेले दुर्मिळ खनिज सोन्याच्या धातुकाबरोबर मिळते. रुबिडियम-स्ट्राँशियम पद्धतीने त्याचे वय सुमारे ३.९ कोटी वर्षे ठरले आहे. इतर पुराव्यांसह विचार करता नेवाडातील या निक्षेपांचा काळ ४.२ ते ३.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे इओसीन, मानला जातो. खडक हा येथे केवळ यजमान आहे. सोने हा फार उशिरा आलेला पाहुणा.

खनिजांची घडण

सोने आणणारे पाणी फारसे उष्ण नव्हते. त्याचे तापमान सुमारे १८० ते २४० अंश सेल्सियस होते. त्यात मीठ थोडे, परंतु विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड वायू बराच होता. या शेवटच्या घटकास विशेष महत्त्व आहे. सोने सहजासहजी विरघळत नाही, परंतु गंधकयुक्त आयनांशी त्याचे संयुग होऊन ते पाण्यात वाहू शकते. उलट चांदी, शिसे व जस्त हे धातू मुख्यतः क्लोराइडच्या साहाय्याने वाहतात. पाण्यात मीठ कमी असल्यामुळे हे धातू फारसे आले नाहीत. कार्लिनच्या धातुकात चांदी सोन्यापेक्षाही कमी का, याचे स्पष्टीकरण येथे मिळते. गाळाच्या खडकांतील निक्षेपांचा विस्तृत वर्ग घेतला तर मात्र चांदीचे प्रमाण सर्वत्र असेच नसते. यूटा राज्यातील मर्कर येथे १८७० नंतरच्या दशकात प्रथम चांदीच्याच खाणी चालल्या. त्याच चुनखडकांतील अदृश्य सोने हाती येण्यास पुढे सायनाइड पद्धतीचा शोध लागावा लागला.

हे पाणी चुनखडकात शिरल्यावर चार बदल घडले. प्रथम, त्याच्या आम्लतेमुळे कॅल्साइट व डोलोमाइट विरघळले आणि खडक सच्छिद्र झाला. कोठे कोठे तो खचून त्याचा चुरा झाला. दुसरे, मूळच्या मृण्मय द्रव्यांपासून केओलिनाइट व इलाइट ही खनिजे बनली. तिसरे, काही थरांत चुन्याची जागा सिलिकेने घेऊन जॅस्परॉइड नावाचा कठीण, गारेसारखा खडक तयार झाला. चौथा बदल सर्वांत महत्त्वाचा. विरघळणाऱ्या डोलोमाइटातील लोह मोकळे झाले व पाण्यातील हायड्रोजन सल्फाइडशी त्याचा संयोग होऊन पायराइट, म्हणजे माक्षिक, बनले. गंधक अशा रीतीने खर्ची पडताच सोन्यास पाण्यात धरून ठेवणारा आधार नाहीसा झाला, आणि सोने ज्या क्षणी पायराइट वाढत होते त्याच क्षणी त्याच्या अंगात अडकले.

इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या उपकरणाने केलेल्या व १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे पुढे आली. जुन्या पायराइट कणांभोवती काही सहस्रांश मिलिमीटर जाडीची नवी कड आढळते. तिच्यात आर्सेनिक म्हणजे सोमल असून सोने त्या कडेतच असते. पुढील संशोधनावरून असे दिसते की, बरेचसे सोने धातुरूप कणांत नसून पायराइटच्या स्फटिकरचनेत अणुरूपाने सामावलेले आहे. रचनेत मावेल त्याहून अधिक सोने आले तरच त्याचे अतिसूक्ष्म कण वेगळे होतात. मूठभर धातुकात तबक धुणाऱ्यास काही न सापडण्याचे कारण हेच.

मुख्य टप्पा संपून पाणी निवू लागल्यावर उरलेल्या पोकळ्यांत व भेगांत दुसरी खनिजे बसली : पिवळे हरताळ, तांबडी मनशीळ, अंजनाचे सल्फाइड म्हणजे स्टिबनाइट, क्वचित हिंगूळ, तसेच बॅराइट व कॅल्साइट. यांतील पहिली दोन सोमलाची व हिंगूळ हे पाऱ्याचे सल्फाइड होय. मराठी वाचकास ही नावे परकी नाहीत. वैद्यांच्या रसशाळेत व चित्रकारांच्या रंगांत ती होतीच. पोथीतील चुकीच्या अक्षरावर हरताळ फाशीत, म्हणून तर तो वाक्प्रचार भाषेत रूढ झाला. कार्लिन येथे मात्र हरताळाचे काम उलट आहे. जे दिसत नाही त्याची ते खूण सांगते. सोमल, अंजन, पारा व थॅलियम ही मूलद्रव्ये सोन्याच्या सोबतीने येत असल्याने त्यांचा वाढता अंश हा शोधकाचा मार्गदर्शक ठरतो. थॅलियमचे कार्लिनाइट हे सल्फाइड तर प्रथम याच खाणीत सापडले व १९७५ मध्ये त्यास स्थानावरून नाव देण्यात आले.

सोने कोठून आले?

या प्रश्नाचा निर्णय अद्याप झालेला नाही. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या समस्थानिकांवरून अनेक निक्षेपांत पावसाचे, खोल मुरून तापलेले पाणी प्रमुख असल्याचे दिसते. त्यावरून सोने आसपासच्या गाळाच्या खडकांतूनच धुऊन निघाले असे एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे इओसीन काळात खाली चढलेल्या शिलारसातून निघालेल्या वायूंनी व द्रवांनी सोने व गंधक आणले आणि वर येताना त्यांत भूजल मिसळले. गेचेल येथील खनिजांत खोलवरच्या पाण्याचा अंश आढळतो, ही गोष्ट या दुसऱ्या मतास बळ देते. हा वाद केवळ पंडिती नाही. पहिले मत खरे असेल तर शोध योग्य गाळाच्या थरांचा घ्यावयाचा. दुसरे खरे असेल तर खाली दडलेल्या अग्निज खडकांचा. चीनच्या ग्वेजो प्रांतातही चुनखडकांत असेच निक्षेप आहेत. तेथे जवळपास अग्निज खडक फारसे नसल्याने वाद अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे.

धातुकाचा स्वभाव आणि त्याची किंमत

खनिजरचनेचे ज्ञान येथे प्रत्यक्ष व्यवहाराशी जोडलेले आहे. भूपृष्ठाजवळ हवा व पाणी यांनी पायराइटचे ऑक्सिडीभवन होऊन गोएथाइट व हेमाटाइट ही लोहाची ऑक्साइडे बनली आणि अडकलेले सोने मोकळे झाले. असे धातुक सायनाइडच्या सौम्य द्रावात सोने सहज सोडते. खोलवरच्या अविकृत धातुकात मात्र द्रावास सोन्यापर्यंत पोचताच येत नाही. त्यात भर म्हणजे खडकातील कार्बनी द्रव्य कोळशाप्रमाणे वागून द्रावात उतरलेले सोने परत शोषून घेते. म्हणून असे धातुक प्रथम भट्टीत भाजावे लागते, किंवा बंद पात्रात उच्च दाबाखाली ऑक्सिजन सोडून पायराइट फोडावे लागते.

पायराइट फुटले की सोने सुटते, पण त्याबरोबर सोमल व पाराही सुटतात. जो निसर्गनियम शोधकास या विषारी मूलद्रव्यांच्या मागाने सोन्यापर्यंत नेतो, तोच त्यांना कारखान्याच्या धुराड्यापर्यंतही आणतो. भाजणीच्या भट्ट्यांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यावर नेवाडा राज्याने २००६ मध्ये सक्तीचे नियंत्रण आणले. खोल खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्याने प्रचंड पाणी उपसावे लागते, आणि खाण बंद झाल्यावर त्या खड्ड्यांत पुन्हा पाणी भरते. ते पाणी कोणत्या खडकाशी टेकून राहील यावर त्याची शुद्धता ठरते. चुनखडक उरला असेल तर आम्लाचे शमन होते. पायराइटयुक्त, चुना गमावलेला खडक असेल तर तसे होत नाही.

कार्लिनच्या रेषेवर पुढे गोल्डस्ट्राइकसारखे आणखी मोठे साठे सापडले, आणि आज संयुक्त संस्थानांतील निम्म्याहून बरेच अधिक सोने एकट्या नेवाडातून निघते. ज्या टेकड्यांवरून शोधक पन्नास वर्षे काही न पाहता गेले, त्याच या टेकड्या. त्यांत बदल झाला नव्हता. बदलली होती ती पाहण्याची रीत : तबकाऐवजी नकाशा, आणि चकाकीऐवजी खडकाच्या घडणीचा विचार.