हस्तिदंती की बदामी?

वसई-विरारमध्ये नव्या घराचा ताबा मिळाला की पहिला वाद बहुधा भिंतींच्या रंगावरून होतो. पांढरा लवकर मळतो, गडद रंगाने खोली लहान भासते. मग निवड हस्तिदंती आणि बदामी या दोन उबदार छटांपाशी येऊन थांबते. शेडकार्डावर त्या सख्ख्या बहिणी वाटतात. भिंतीवर मात्र त्यांचे स्वभाव निराळे.

हस्तिदंतीत पांढऱ्याला किंचित पिवळ्याची जोड असते, बदामीत तांबूस-तपकिरी झाकही येते. छटेनुसार हस्तिदंती भिंत साधारण ७५ ते ८५ टक्के प्रकाश परत फेकते, बदामी ५० ते ६५ टक्के. हा फरक किरकोळ नाही. खोलीत प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर जातो आणि दर वेळी घटतो. तीन परावर्तनांनंतर ८० टक्क्यांच्या भिंतींत निम्मा प्रकाश उरतो. ६० टक्क्यांच्या भिंतींत जेमतेम पाचवा हिस्सा. याच येरझारीत रंगही दाट होत जातो. म्हणूनच चारही भिंती रंगवल्यावर छटा नमुन्यापेक्षा गडद दिसते आणि दोष मात्र रंगाऱ्याच्या माथी येतो.

नालासोपारा किंवा विरार पूर्वेच्या दाट वस्तीत खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंतच उभी असते. अशा वन रूम किचनमध्ये बदामी मळकट दिसते आणि भरदुपारी दिवा लावावा लागतो. तेथे हस्तिदंतीच घ्यावी. उत्तरेच्या खोलीतही आकाशाच्या निळसर उजेडाने बदामी फिकी, करडी पडते. पश्चिमेला मात्र उलट घडते. समुद्राच्या बाजूने येणाऱ्या मावळतीच्या उन्हात हस्तिदंती पिवळीधमक होऊन डोळ्यांवर येते. बदामी तेच ऊन शांतपणे झेलते. वसई पश्चिमेच्या वाड्यांतील झाडांची हिरवी झाकही हस्तिदंतीवर चटकन उमटते.

दिवे आधी ठरवावेत. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली बदामीची ऊब हरपते. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली ती परतते, पण हस्तिदंती अधिक पिवळी होते. पावसाळ्यातील ओल मात्र दोन्ही छटांना सारखीच वैरीण. गळती थांबवून भिंत पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश उचलू नये.

नमुना जुन्या रंगावर नव्हे, पांढऱ्या प्रायमरवर, दोन फूट लांबी-रुंदीत, दोन हात देऊन लावावा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिव्याखाली तो पाहावा. जागा निवडावी ती खिडकीपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यातली.