जुनी बोट आणि वर्षातले दोन शनिवार

मी शिक्षणाने मेकॅनिकलचा बीई आणि पोटापाण्याने सॉफ्टवेअर इंजिनीअर. आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत असा एक तरी नमुना सापडेल! कॉलेजात इंजिनाचे छेद काढले, परीक्षेत मार्क मिळवले आणि पुढे इंजिनाला हात लावायची वेळच आली नाही. माझ्यावर ती वेळ आली इंदूरपासून फार लांब, अमेरिकेतल्या मिनेसोटात.

मिनेसोटा हे तळ्यांचं राज्य. गाड्यांच्या नंबरप्लेटवरही दहा हजार तळ्यांचा उल्लेख असतो. वॉटर स्कीइंग हा खेळही इथलाच. १९२२ मध्ये राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणाने लेक पेपिनवर तो पहिल्यांदा करून दाखवला. इथे उन्हाळा आला की प्रत्येकाला पाणी खुणावतं. नवी स्की बोट लाख डॉलरच्या पुढे जाते, म्हणून आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून १९८६ ची स्की नॉटिक घेतली. आत फोर्डचं ३५१ घन इंचांचं, म्हणजे ५.८ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन. त्याला बोटीसाठी तयार केलं पीसीएम कंपनीने. वयाने ते जवळजवळ माझ्याएवढंच.

अशा बोटीत इंजिन मागे लटकत नाही. ते मधोमध एका पेटीखाली बसतं आणि त्याचा दांडा तळातून बाहेर जाऊन पंखा फिरवतो. यालाच इनबोर्ड म्हणतात. दिसायला ते मोटारीचंच इंजिन, पण तीन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत आणि त्या तिन्ही जिवावर किंवा खिशावर बेतणाऱ्या आहेत.

पहिली गोष्ट : वाफ

मोटारीतून पेट्रोल गळलं तर ते रस्त्यावर पडतं, वारा त्याची वाफ उडवून नेतो. बोटीचा तळ म्हणजे बंद कढई. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तिथेच साचून राहते. एका ठिणगीत स्फोट होऊ शकतो. म्हणून किल्ली फिरवण्याआधी हवा बाहेर फेकणारा ब्लोअर चार मिनिटं चालवायचा, पेटी उघडायची आणि चक्क नाकाने वास घ्यायचा. पोरं लाइफ जॅकेट घालून घाई करत असतात, पण ती चार मिनिटं कोणासाठीही कमी होत नाहीत.

याच कारणाने बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर वेगळ्या बांधणीचे असतात; त्यांच्यातली ठिणगी बाहेर पडत नाही. मोटारीच्या दुकानात अगदी तसाच दिसणारा स्टार्टर निम्म्या किमतीत मिळाला, तरी तो बोटीत बसवायचा नाही. शिवाय काही बोटींचं इंजिन मोटारीच्या उलट दिशेने फिरतं. प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांचा क्रम लिहून ठेवावा, मोटारीचा क्रम गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट : पाणी

या इंजिनाला रेडिएटर नाही. तळ्याचंच पाणी आत ओढलं जातं, इंजिनातून फिरतं आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. ओढायचं काम करतो एका पंपातला रबरी पात्यांचा इंपेलर. पाण्याशिवाय तो फिरला तर मिनिटा-दोन मिनिटांतही जळू शकतो. वापरला नाही तरी पाती वाकलेलीच राहून कडक होतात. म्हणून दर वर्षी नवा घालायचा. काम अर्ध्या तासाचं.

बोट घेतल्यावर पाण्यात उतरवण्याआधी आम्ही पंप उघडला, तर इंपेलरची दोन पाती गायब. नवा इंपेलर बसवून काम संपत नाही. तुटलेलं रबर कुठेतरी पुढे अडकलेलं असतं. एक तुकडा पंपापुढच्या नळीत मिळाला, दुसरा थर्मोस्टॅटच्या घरात. तो तिथेच राहिला असता, तर इंजिन तळ्याच्या मधोमध तापलं असतं. बग सापडला म्हणजे त्याचे सगळे परिणाम निस्तरले असं नसतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आमचा थर्मोस्टॅट १६० अंश फॅरनहाइटचा आहे. काटा त्याच्या बराच वर चढू लागला की इंजिन बंद. तळातून दांडा बाहेर जातो, तिथल्या पॅकिंगकडेही बघावं. दांडा फिरताना तिथून थेंब थेंब पाणी गळणं चांगलं, कारण तेच त्याला थंड ठेवतं. धार लागली तर मात्र नट थोडा आवळायचा किंवा पॅकिंग बदलायचं.

तिसरी गोष्ट : बर्फ

पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. इंजिनात अडकलेलं पाणी फुगलं की बिडाचा ब्लॉक तडकतो, आणि मग इंजिनाचा खर्च बोटीच्या किमतीवर जातो. म्हणून ऑक्टोबरातला एक शनिवार या कामाला राखलेला असतो.

इंजिन गरम करून आधी तेल आणि फिल्टर बदलायचं. वापरलेल्या तेलात आम्ल साचतं, ते हिवाळाभर बेअरिंगवर बसू द्यायचं नाही. मग ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बूच काढायचे, नळ्या सोडायच्या, पंप रिकामा करायचा. भोकातून पाणी आलं नाही, तर आत पाणी नाही असं समजू नये. गंज आणि वाळूने भोक बुजलेलं असतं, तार घालून ते मोकळं करायचं. सगळं पाणी निघाल्यावरच प्रॉपिलीन ग्लायकोलचं गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं. आधी पाणी न काढता पंपाने नुसतं अँटिफ्रीझ ओढलं, तर थर्मोस्टॅट बंद असल्याने ते बाहेरच्या बाहेर निघून जातं आणि ब्लॉकमध्ये पाणी तसंच राहतं.

पेट्रोलचीही तजवीज करावी लागते. त्यातलं इथेनॉल पाणी शोषतं आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. म्हणून शेवटच्या फेरीआधीच स्टॅबिलायझर घालायचं, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. भारतातही आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा घरात महिनोन् महिने उभी असलेली जुनी स्कूटर असेल तर हे तिलाही लागू आहे.

मे महिन्यातला शनिवार

वसंतात सगळे बूच परत लावायचे. पट्टे आणि पेट्रोलच्या नळ्या दाबून बघायच्या, बॅटरी जोडायची. प्लग काढून त्यांचा रंग बघायचा : फिकट तपकिरी असेल तर ठीक, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. इंजिनाचं तेल दुधाच्या कॉफीसारखं किंवा गियरचं लाल तेल गुलाबी दुधासारखं दिसलं, तर आत पाणी शिरलंय; बोट बाहेर काढायचीच नाही. शेवटी बोट पाण्यात उतरवून गियर आणि दांडा यांच्या जोडाची रेषा तपासायची. दोन चकत्यांमधल्या फटीत सगळीकडे मिळून फरक ०.००३ इंचापेक्षा जास्त नको. कॉलेजच्या वर्कशॉपनंतर फीलर गेज मी इथेच हातात घेतलं.

आणि एक नियम, जो कोणत्याही पान्याने आवळता येत नाही. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणी बसायचं नाही, फळीला धरून पाण्यात लोंबकळायचं नाही. तिथे एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड जमतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि पोहता येणारा माणूसही बेशुद्ध होऊन आवाज न करता बुडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात हा वायू जास्तच तयार होतो.

बाबा व्हिडिओ कॉलवर विचारतात, "अरे, एवढी खटपट करण्यापेक्षा भाड्याने घे ना!" पण हेच बाबा रविवारी सकाळी चेतकचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे आणि पाना धरायला मला शेजारी बसवायचे. मेकॅनिक तेव्हाही कोपऱ्यावरच होता.

तुमच्याकडे बोट नसेल, पण पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, आजोबांची बुलेट, यातलं काहीतरी असेलच. त्याचं मॅन्युअल शोधा, वर्षातले दोन शनिवार ठरवा आणि काय केलं ते तारखेसह एका वहीत लिहा. आमच्या बोटीची वही डॅशबोर्डखालच्या कप्प्यात असते. तेल लागलेली आहे, पण पुढच्या मालकाला इंजिनाच्या खालोखाल तीच उपयोगी पडेल.