बागेतील रात्रीचा पंचनामा

पिकाची नासाडी बहुधा रात्री होते आणि तिचा निवाडा आपण सकाळी करतो. उकरलेली माती, अर्धवट खाल्लेले फळ, एखादे पाऊल एवढ्यावरून चोर कोण ते ठरते व शिक्षाही ठरते. असा निवाडा पुष्कळदा चुकतो, हे आमच्या अनुभवास आले; म्हणून तो अनुभव शेतकरी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

कुळगाव-बदलापूरची जांभळे प्रसिद्ध असून त्यांस भौगोलिक मानांकनही लाभले आहे. उल्हास नदीच्या ह्या खोऱ्यात वस्ती झपाट्याने वाढत असली, तरी कडेकडेच्या बागा अद्याप टिकून आहेत. आमची तशीच एक लहान बाग आहे. गेल्या वैशाखाच्या अखेरीस तीतील रताळ्यांचे वाफे रोज सकाळी उकरलेले दिसू लागले. वेल जागच्या जागी, पण खालची रताळी कुरतडलेली. त्याच सुमारास जांभळाखालच्या दगडावर बियांनी भरलेली विष्ठा सापडली. ती उदमांजराची, ह्यात शंका नव्हती. तेव्हा रताळ्यांचा चोरही तेच, असे शेजारच्या बागाईतदारांनी व आम्ही मिळून ठरवून टाकले. त्यांनी विषाची पुडी आणली. ती केळ्यात घालून ठेवावयाची एवढेच उरले होते.

परंतु आमची हयात महसूल खात्यात गेली. जागेवर न जाता लिहिलेला पंचनामा कसा असतो, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. विष्ठा जांभळाखाली, नुकसान वाफ्यात. मग वाफ्यात त्या प्राण्यास पाहिले कोणी? हा प्रश्न मनात येताच आम्ही शेजाऱ्यांकडे आठ दिवसांची मुदत मागितली आणि पुतण्याकडून रात्रीचा कॅमेरा मागून आणला.

माणूस जवळ नसता प्राण्याने आपले चित्र आपणच काढून द्यावे, ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास ह्यांनी रात्री काढलेली वन्यप्राण्यांची चित्रे १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात छापली गेली. आपल्याकडे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे जंगलातील पायवाटेवर तार ताणून ठेवीत. वाघाचा पाय तारेस लागताच लखकन प्रकाश पडे व चित्र उमटे. त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले. आता तार लागत नाही. कॅमेऱ्यास उष्णता ओळखणारा एक डोळा असतो. भोवतालापेक्षा निराळ्या उष्णतेचे शरीर समोरून सरकले की तो कळ दाबतो, आणि आपणांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चित्र निघते. प्राणी बुजत नाही.

पहिल्या दोन रात्री आमची फजिती झाली. कॅमेरा आम्ही छातीइतक्या उंचीवर, पूर्वेकडे तोंड करून बांधला होता. केळीचे पान हलले की चित्र निघे. पहाटे समोरून सूर्य आला म्हणजे सर्व पांढरे. शेकडो चित्रांत प्राणी एकही नाही. मग तो गुडघ्याइतका खाली आणला, तोंड उत्तरेस केले, समोरचे गवत व पान कापले आणि वाफ्यापासून आठ-दहा फुटांवर खुंटास घट्ट बांधला. एक रात्र वाफ्याकडे, एक रात्र जांभळाकडे, असा क्रम ठेवला. उन्हाळ्यात जमीन रात्रीही तापलेली असते, त्यामुळे डोळ्यास फरक कमी कळतो; पहाटेच्या गारव्यात काम चांगले होते. धामणीसारखा थंड रक्ताचा प्राणी तर त्यास बहुधा दिसतच नाही. म्हणून चित्र नाही म्हणजे कोणी आलेच नाही, असे समजू नये.

मुदत संपली तेव्हा हाती आलेला पुरावा येणेप्रमाणे होता. उदमांजर जांभळाखाली आले, पडलेली फळे खाऊन वर चढले. एकदा चिकूकडे जातानाही दिसले, हे लपविण्याचे कारण नाही. वाफ्यात मात्र ते एकाही रात्री आढळले नाही. वाफ्यात आल्या त्या घुशी; एका चित्रात तर रताळे तोंडात धरलेली घूस स्पष्ट दिसते. आणि अखेरच्या रात्री त्याच वाफ्यातील बांबूवर गव्हाणी घुबड बसले होते. त्याच्या पंजात उंदीर होता.

ते चित्र पाहून आम्हांस आपलीच शरम वाटली. केळे ठेवले असते तर जांभळाचे बी रानोमाळ पसरविणारा एक प्राणी मेला असता आणि रताळी पूर्वीप्रमाणेच गेली असती. तेच विष घुशींस घातले असते, तर विषारी उंदीर-घुशी खाऊन आपला फुकटचा राखणदार घुबड मरण्याचा धोका होता. शिवाय उदमांजरास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यास विष घालणे हा गुन्हा होय.

खरा चोर कळल्यावर उपाय सोपा झाला. सायंकाळी सर्व बिळे चिखलाने बुजविली. सकाळी जी उघडलेली दिसली तेवढीच वाहती, असे धरून त्यांच्या तोंडाशी खोबरे लावून पिंजरे मांडले. बांधालगतचा पालापाचोळा व फुटक्या कौलांचा ढीग हलविला. तयार रताळी जमिनीत न ठेवता काढून घेतली. नासाडी अगदी थांबली नाही, पण पुष्कळ उतरली.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर अकोले तालुक्यात दिसून आली आहे. उसाच्या त्या मुलखात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा भागात, शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे व तितकेच तरस आहेत, असा त्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. तेथील बिबट्यांची विष्ठा तपासता खाद्यात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. ऐकीव गोष्टींवरून हा हिशेब कोणास सांगता आला असता काय?

प्रत्येकाने कॅमेरा घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. चार-पाच बागाईतदारांत मिळून एक पुरे. तो आपल्याच बागेत लावावा, येण्याजाण्याच्या वाटेवर लावू नये. तेथे माणसांची चित्रे निघतात व तंटे होतात. पावसाळ्यात आत दमट हवा शिरून काच धुरकटते, तेव्हा जपावे. आणि प्रत्येक चित्राची तारीख व वेळ वहीत लिहून ठेवावी. रानडुकरांसारख्यांनी केलेल्या नासाडीबद्दल वनखात्याकडे भरपाई मागताना अशी नोंद जवळ असलेली बरी.

शेजाऱ्यांची पुडी फोडलेली नव्हती. ती त्यांनी दुकानदारास परत केली, आणि पुढच्या आठवड्यात कॅमेरा आपल्या बागेसाठी मागून नेला.