मातीच्या भांड्यातलं खरेदीखत



नवीन वर्षाच्या उपासनेत आपल्याकडे अभिवचनाची कार्डं काढतात. हाती आलेली ओळ आपण बायबलात ठेवतो, नाहीतर भिंतीवर लावतो. पद्धत चांगलीच आहे. पण ते अभिवचन कुणाला दिलं, कधी दिलं, कोणत्या परिस्थितीत दिलं, हे सावकाश वाचल्याशिवाय त्यावर भार टाकता येत नाही.

गेले काही महिने मी यिर्मयाचा ३२ वा अध्याय वाचते आहे. आमच्या ह्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. चार-चार तास बाकावर बसायचं. घाई कसलीच नसते, म्हणून एकच अध्याय पुन्हा पुन्हा.

काळ सिद्कीया राजाच्या दहाव्या वर्षाचा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलाय. शहर पडणार असं सांगितल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. तिथं त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत तू विकत घे. अनाथोथ यरुशलेमेपासून जेमतेम पाच किलोमीटर. त्या मुलखात शत्रू तळ ठोकून बसलेला. अशी जमीन कोण घेईल? यिर्मया घेतो, कारण देवाने तसं सांगितलंय. १७ शेकेल चांदी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम, तो तोलून देतो. साक्षीदारांच्या सह्या होतात. खरेदीखताची एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही बारूखाच्या हाती देऊन तो सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत.

माझ्या शेजारी खानापूरकडची एक बाई बसते. शेतकरी घरची, तिचाही नवरा आत असतो. एकदा म्हणाली, "अक्का, रोज तेच पान वाचताय की हो!" मी तिला ही गोष्ट सांगितली. जमिनीचा व्यवहार म्हटल्यावर ती सावरून बसली. सगळं ऐकून तिनं विचारलं, "मग त्यानं ती जमीन कसली तरी?"

मी म्हटलं, "नाही. पुढच्याच वर्षी शहर पडलं. त्याला लोकांनी मिसर देशात नेलं. तो परत आल्याचं शास्त्रात कुठं नाही."

"मग पैसे बुडालेच की!"

त्या प्रश्नावर मी बरेच दिवस मनन केलं. देवाने यिर्मयाला पीक देऊ केलं नव्हतं. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, एवढंच त्याचं अभिवचन होतं. यिर्मयालाही ते सोपं गेलं नाही. खरेदी झाल्यावर त्याने प्रार्थनेत देवाला विचारलंच, की शहर शत्रूच्या हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? म्हणजे सही आधी, प्रश्न नंतर. देव रागावला नाही. त्याने उत्तर दिलं.

काही जण प्रेमाने सांगतात, विश्वास वाढवा, हे नक्की बरे होतील. मी प्रार्थना करतेच. पण ह्यांच्या किडन्या पुन्हा चालतील, असं कुठल्या वचनात मला दिलेलं नाही. प्रभू सोडणार नाही, मरणानंतरही त्याच्याकडे आपलं स्थान आहे, हे मात्र दिलेलं आहे. माझी इच्छा आणि त्याचं अभिवचन ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत. इच्छा मी रोज त्याच्यापुढे मांडते. भार टाकते तो अभिवचनावर.

पुढच्या मंगळवारी त्या बाईला मी एज्राचा दुसरा अध्याय दाखवला. कोरेश राजाने परवानगी दिल्यावर बाबेलहून परतलेल्यांची ती यादी. नुसती नावं आणि आकडे, बहुतेक आपण गाळूनच पुढं जातो. त्यात २३ व्या ओवीत अनाथोथच्या माणसांची नोंद आहे : १२८. तिनं आकडा बोटाने वाचला आणि म्हणाली, "म्हणजे शेतं कसायला माणसं आली म्हणायची."

या आठवड्यात हे दोन अध्याय एका बैठकीत वाचून पाहा. घाई करू नका. यादीसुद्धा गाळू नका.

आपली एक भगिनी,
बेळगाव