ताडपत्रीची पारख

‘ताडपत्र’ हा शब्द कानी पडताच आपल्या समाजाला मूडबिद्रीच्या ग्रंथभांडारातील प्राचीन पोथ्यांचे स्मरण होते. बाजारातील ‘ताडपत्री’ मात्र त्या कुळातील नव्हे. पूर्वी खलाशी जाड कापडाला डांबर फासून जहाजावरील माल झाकीत असत. त्या कापडाचे इंग्रजी नाव ‘टारपॉलिन’. त्यालाच आपल्याकडे ओळखीच्या शब्दाचे रूप मिळाले, असे मानले जाते. आज डांबर गेले, पुष्कळ ठिकाणी सुती कापडही गेले. परंतु वखार, बांधकाम, मालमोटार आणि मंडप यांपैकी कोणतेही काम ताडपत्रीवाचून चालत नाही. असे असूनही ही वस्तू घेताना आपण केवळ लांबी, रुंदी आणि दर एवढेच विचारतो. धान्य मुठीत घेऊन पारखणारा, तंबाखूचा कस वासावरून ओळखणारा आपला व्यापारी ताडपत्रीच्या बाबतीत रंगावर विश्वास ठेवतो, हे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून या विषयाची थोडी फोड येथे करीत आहोत.

प्रथम आपल्या मुलखाचे हवामान ध्यानी घेऊ. बेळगाव सह्याद्रीच्या माथ्याला लागून असल्यामुळे तेथे वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेस खानापूर, जांबोटीकडे तो झपाट्याने वाढतो, तर निपाणी, संकेश्वरकडे उतरताना पुष्कळ कमी होतो. परंतु पावसाच्या आधी चैत्र-वैशाखाचे कडक ऊन असते आणि त्याच दिवसांत अवचित येणारा वळीव असतो. म्हणजे उघड्यावरील ताडपत्री पावसाळ्याला तोंड देण्यापूर्वी कित्येक महिने उन्हात तापून आणि वाऱ्यात फडफडून निघालेली असते. ताडपत्री पावसाने क्वचितच मरते. तिला मारतात ते ऊन आणि वारा. निवड करताना हे एक सूत्र लक्षात ठेवले, तर पुढील सर्व विचार सोपा होतो.

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. पहिला प्रकार जुन्या पद्धतीच्या सुती कॅनव्हासचा. ओला झाला की सुताचा धागा फुगतो, विणीतील छिद्रे आवळली जातात आणि पाणी अडते. मेण व तांब्याचे क्षार यांची प्रक्रिया केल्याने तो अधिक टिकतो. या कापडाचा मोठा गुण असा की त्यातून हवा व वाफ थोडीबहुत खेळते. दोष असा की ते जड असते आणि ओले घडी घातल्यास त्यावर बुरशी चढते.

दुसरा प्रकार प्लास्टिकच्या विणलेल्या पट्ट्यांचा. पॉलिथिनच्या अरुंद पट्ट्या विणून त्यांवर दोन्ही बाजूंनी त्याच जातीचा पातळ थर चढवितात. निळी, काळी, पिवळी अशी जी हलकी ताडपत्री सर्वत्र दिसते, ती बहुधा हीच. तिसऱ्या प्रकारात विणकाम नसते. ताणलेल्या प्लास्टिकचे पातळ पापुद्रे आडवे-तिडवे एकमेकांवर चिकटवून एकच पत्रा करतात. चौथा प्रकार पॉलिएस्टरच्या कापडावर पी.व्ही.सी.चा जाड थर दिलेला. तो सर्वांत वजनदार व महाग. परंतु पुणे-बंगळूर महामार्गावर वेगाने धावणाऱ्या, स्तवनिधीच्या घाटात वारा खाणाऱ्या मालमोटारीला तोच अधिक मानवतो.

आता पारखीकडे वळू. प्लास्टिकच्या ताडपत्रीची प्रत ‘जी.एस.एम.’ या मापाने सांगतात. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन, एवढाच त्याचा अर्थ. विक्रेता २०० म्हणाला, तर ते तपासण्याचे साधन आपल्याच दुकानात आहे. ते म्हणजे तराजू. हिशेब असा : १०० चौरस फूट म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. १८ फूट गुणिले २४ फूट मापाची ताडपत्री ४३२ चौरस फूट, म्हणजे सुमारे ४० चौरस मीटर भरते. ती खरोखर २०० जी.एस.एम.ची असेल, तर तिचे वजन ८ किलोच्या आसपास असले पाहिजे. किनार व रिंगा यांचे थोडे अधिक. काटा ६ किलो दाखवीत असेल, तर आपल्या हाती १५० चा माल पडला आहे. माप घेतानाही सावध असावे. पुष्कळदा कापडाचे मूळ माप सांगितले जाते आणि किनार दुमडल्यावर तयार ताडपत्री काही इंच कमी भरते. व्यवहार तयार मापावर करावा.

परंतु वजन म्हणजे सर्वस्व नव्हे. उन्हातील अतिनील किरण प्लास्टिकचे रेणू तोडतात. पट्ट्या कोरड्या पडून त्यांचे तुकडे झडू लागतात. ते रोखण्यासाठी कारखान्यात विशिष्ट द्रव्ये मिसळावी लागतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत व तराजूवर कळत नाहीत. म्हणून बिलावर व मालावर तसा स्पष्ट उल्लेख मागावा. पॉलिथिनच्या विणलेल्या ताडपत्रीसाठी भारतीय मानक ७९०३ आहे. त्या मानकाची खूण असलेला माल घेतल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही. काजळीयुक्त काळा रंग ऊन अधिक काळ सोसतो, मात्र त्याखाली उष्णताही अधिक होते.

याखेरीज चार परीक्षा दुकानातच कराव्यात. ताडपत्री उजेडासमोर धरावी. टाचणीएवढी छिद्रे दिसल्यास ती परत करावी. कोपरा घट्ट दुमडून अंगठ्याने चोळावा. वरचा थर सुटता कामा नये. किनारीत दोरी घातलेली आहे का ते पाहावे. रिंग ओढून पाहावी व दोन रिंगांमधील अंतर मोजावे; ते साधारण तीन फुटांपेक्षा जास्त नसावे. वाऱ्याचा सारा ताण रिंगांवर येतो आणि ताडपत्री फाटते ती बहुधा तेथूनच.

कामानुसार निवड कशी करावी? आमच्या मते, चार-सहा आठवड्यांच्या तात्पुरत्या झाकणीस १०० ते १२० जी.एस.एम. पुरे, एका हंगामास १५० ते २००, उघड्यावरील थप्पीस २०० ते २५० किंवा त्याहून अधिक घ्यावे. तंबाखू, गूळ, भात अशा मालाचा विचार मात्र निराळा आहे. या मालात स्वतःचा ओलावा असतो. प्लास्टिक वरचे पाणी अडविते, तसेच आतली वाफही अडविते. रात्री ताडपत्री थंड होताच त्या वाफेचे थेंब होऊन मालावर पडतात आणि पाऊस न लागताही पोती भिजतात. म्हणून अशा मालास शक्य तर कॅनव्हास वापरावा. प्लास्टिकच वापरणे भाग असेल, तर माल व ताडपत्री यांत हवेस वाट ठेवावी आणि उघडीप मिळताच ती दूर करावी. उन्हाने झडलेली ताडपत्री खाण्याच्या मालावर कधीही घालू नये. तिचे कण मालात मिसळतात.

सिमेंटचे तसे नाही. त्यास वाफेचाही संसर्ग नको. पोती जमिनीपासून निदान अर्धा फूट उंच फळ्यांवर, भिंतीपासून दूर, दहापेक्षा अधिक थर न लावता रचावीत आणि चहूबाजूंनी घट्ट झाकावीत. ताडपत्री बांधताना उतार अवश्य द्यावा. एक चौरस मीटरच्या खोलगटात दहा सेंटिमीटर पाणी साचले, तर त्याचे वजन १०० किलो होते. कोणतीही ताडपत्री ते फार काळ पेलणार नाही. थप्पीच्या धारदार कोपऱ्यांवर जुने गोणपाट घालावे, म्हणजे घासून भोक पडत नाही.

मंडपासंबंधी एक गोष्ट गांभीर्याने सांगणे प्राप्त आहे. मेणाचा कॅनव्हास काय आणि प्लास्टिक काय, दोन्ही पेट घेतात. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे ६ जुलै १९४४ रोजी सर्कशीचा तंबू जळून १६० हून अधिक माणसे दगावली. त्या कापडाला पाणी लागू नये म्हणून पेट्रोलमध्ये विरघळविलेले मेण लावलेले होते. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात मंडप पेटून चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत मुले पुष्कळ होती. लग्नकार्य असो वा प्रवचन, पाणी अडविणारे छत घालताना विजेच्या तारा व दिवे त्यापासून दूर ठेवावेत, स्वयंपाकाची चूल त्याखाली मांडू नये आणि बाहेर पडण्याच्या वाटा एकाहून अधिक व मोकळ्या ठेवाव्यात. येथे काटकसर करणे हा हिशेब नव्हे.

शेवटी खर्चाचा विचार. समजा, एक ताडपत्री शंभर रुपयांस मिळते व एक पावसाळा टिकते. दुसरी एकशे ऐंशीस मिळते व तीन पावसाळे काढते. पहिलीचा वार्षिक खर्च शंभर, दुसरीचा साठ. शिवाय पहिली ऐन वळिवात फाटली, तर तिच्याखालील मालाचे नुकसान वेगळेच. वापर संपताच ताडपत्री धुऊन, पूर्ण वाळवून, उंदरांपासून दूर सावलीत ठेवली, तर तिचे आयुष्य आणखी वाढते. सभासद बंधूंनी येत्या हंगामाची खरेदी वळिवापूर्वीच करावी, आणि ती करताना दराबरोबर वजनही विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.